‘ताई, ही पपई जीएम आहे का?’

कोथरूडमधल्या माझ्या फळांच्या दुकानात हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे. विचारणाऱ्यांमध्ये लहान मुलांच्या आया जास्त, कधी शुगर असलेले आजोबा, कधी व्यायामशाळेतून थेट आलेली मुलं. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला लाल पपईचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं: आतून इतकी लाल म्हणजे जीएम, मुलांना देऊ नका. मी राहुरीला कृषी पदवी घेतली. माहेर शहादा तालुक्यातलं, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उभी हयात पपई आणि केळीत घालवली. त्यामुळे असा प्रश्न आला की ‘नाही हो काकू, घ्या बिनधास्त’ म्हणून तराजूकडे वळणं मला पटत नाही. काउंटरवर गर्दी असताना पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. नाही, ही पपई जीएम नाही. जनुकीय बदल केलेलं कोणतंही फळ आज भारतात कायदेशीरपणे पिकवलं जात नाही. शेतकऱ्याच्या शेतापर्यंत रीतसर पोचलेलं जीएम पीक एकच, २००२ साली आलेला बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारक ठरणारं एका जिवाणूचं जनुक घातलेला. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला केंद्राच्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला होता, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. तेच तंत्र वापरलेली वांगी बांगलादेशातले शेतकरी २०१४ पासून लावत आहेत. आपल्याकडे ती नाहीत. आणि बाहेरून येणाऱ्या मालाबद्दल म्हणाल, तर २०२१ च्या मार्चपासून सफरचंद, पपई, अननस, प्लम, खरबूज अशा २४ पिकांचा माल आयात करताना तो जीएम नसल्याचं त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र सोबत लागतं. चुकून मिसळ झालीच तर तिची मर्यादा १ टक्का.

पण हे ऐकून निश्चिंत झालेल्या गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते. जीएम पिकाचा पदार्थ तुमच्या घरात बहुधा आहेच, फक्त तो फळांच्या टोपलीत नाही. सरकीचं तेल बीटी कापसाच्या बियांचं असतं, कारण देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारं सोयाबीन तेल तिथल्या जीएम सोयाबीनचं. सरकीची पेंड आपल्या म्हशी खातात. यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. रिफाइंड तेलात प्रथिन किंवा डीएनए जवळपास उरतच नाही. पण लाल पपई बाजूला सारायची आणि तेलाच्या डब्याबद्दल एक प्रश्नही विचारायचा नाही, असं होऊ नये असं मला वाटतं.

मग ही पपई लाल का? तो त्या वाणाचाच रंग आहे. शहाद्यापासून पुण्यापर्यंत जी दिसते ती बहुतेक ‘तैवान ७८६’, म्हणजे रेड लेडी. तैवानच्या एका बियाणे कंपनीने दोन वाणांचा संकर करून ती तयार केली, परागकण एका झाडाचे आणि फूल दुसऱ्याचं, जसा आपल्याकडे संकरित ज्वारीचा होतो तसा. इंजेक्शन नाही, रंग नाही. बिनबियांच्या द्राक्षांचंही तसंच. थॉमसन सीडलेसमध्ये बी धरायला लागतं आणि कोवळं असतानाच वाढ थांबते. सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत एका वेलीचे मणी वेगळे दिसले, त्यातून तास-ए-गणेश आलं. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी असंच सोनाका हेरलं. वेलीच्या एका डोळ्यात आपोआप बदल झाला आणि शेतकऱ्याच्या नजरेने तो पकडला. जनुकं निसर्गातही बदलत असतात, हे द्राक्ष बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. जळगावची टिश्यू कल्चर केळी म्हणजे एका चांगल्या झाडाच्या कोंबापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. नाव आधुनिक आहे, पण केळीच्या जनुकांना तिथे कुणी हात लावत नाही.

बिनबियांच्या कलिंगडावर आणि मोठ्या पेरूवर आत्ता थांबत नाही. मला पपईकडेच परत जायचं आहे, कारण जगात खरोखर जीएम असलेलं, बाजारात सगळ्यात जुनं टिकलेलं फळ पपईच आहे. आणि ते ज्या रोगासाठी केलं गेलं, तो रोग मी घरी पाहिला आहे.

खानदेशात त्याला कुणी रिंगस्पॉट म्हणतं, कुणी मोझॅक, बहुतेक जण नुसतं ‘व्हायरस आला’ म्हणतात. आधी शेंड्याची पानं पिवळट होतात, त्यावर हिरवे-पिवळे चट्टे येतात. मग पान आक्रसतं, पात्याचा भाग कमी होत होत नुसत्या शिरा उरतात. देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेलकट गडद रेघा उठतात. फळावर गोल कडी दिसायला लागली की आप्पा त्या ओळीकडे बघायचं टाळायचे. मावा ही बारीक कीड हा रोग पसरवते, आणि पसरवते ती पानात सोंड खुपसून काही सेकंदांत. फवारणी केली तरी मावा मरायच्या आधी व्हायरस झाडात गेलेला असतो. म्हणून औषधावर कितीही खर्च केला तरी तो फारसा कामी येत नाही. रोगट झाड उपटायचं, बांधाला मका किंवा ज्वारीची दाट ओळ लावायची, कोवळी रोपं क्रॉप कव्हरखाली झाकायची, एवढंच हातात उरतं. ७८६ थोडीफार तग धरते, म्हणून तर महागडं बी असूनही ती लावतात. पण आजूबाजूच्या शिवारात रोग माजला की तीही बसते.

अमेरिकेच्या हवाई या बेटांच्या राज्यात हेच झालं. तिथे हा रोग १९४० च्या दशकात ओआहू बेटावर दिसला. वाढत गेला तसे शेतकरी १९६० च्या सुमारास पपई घेऊन बिग आयलंडच्या पुना भागात गेले. पुना हे पुण्याशी मिळतंजुळतं नाव केवळ योगायोगाने आहे, पण ते वाचलं की माझं लक्ष तिथे जास्तच खिळतं. लाव्हाच्या खडकात पपई छान यायची, राज्यातली ९५ टक्के पपई तिथे होऊ लागली. व्हायरस मात्र त्याच बेटावर, जेमतेम तीसेक किलोमीटरवर होता. तो एक दिवस येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

डेनिस गोन्साल्विस हे हवाईतच, कोहालातल्या उसाच्या मळ्यावर वाढलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ. ते न्यूयॉर्क राज्यात, कॉर्नेल विद्यापीठात काम करत. १९८० च्या दशकात त्यांनी हवाई विद्यापीठाचे रिचर्ड मॅनशार्ट, मॉरीन फिच आणि अपजॉन कंपनीतले जेरी स्लाइटम यांच्याबरोबर काम सुरू केलं. कल्पना अशी: व्हायरसच्या कवचाचं प्रथिन बनवणारं एक जनुक पपईच्या पेशीत घालायचं. कॉर्नेलमध्येच तयार झालेल्या ‘जीन गन’ने, धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर ते जनुक लेपून, पेशींवर मारा केला. त्यातून जगलेल्या पेशींपासून झाडं वाढवली. त्यातल्या एका झाडापासून वाढवलेली रोपं, नाव ‘५५-१’, व्हायरस टोचला तरी हिरवीगार राहिली. असं का होतं, ते नंतर उलगडलं: तेच जनुक झाडात आधीपासून असल्यामुळे, व्हायरस आत येऊन आपल्या प्रती काढू लागला की पेशी त्याचा आरएनए, म्हणजे व्हायरसची जनुकीय माहिती असलेला रेणू, ओळखते आणि तोडून टाकते.

एप्रिल १९९२ मध्ये ओआहूवर या झाडांची शेतातली चाचणी सुरू झाली. मे १९९२ मध्ये पुनात व्हायरस सापडला. या दोन तारखा वाचल्या की मला आजही अंगावर काटा येतो. उपाय अजून चाचणीत आहे आणि रोग दारात येऊन उभा. पुढच्या सहा वर्षांत पुनाचं उत्पादन सुमारे २४ हजार टनांवरून १२ हजार टनांवर आलं. शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. १९९५ मध्ये पुनातच, रोगाने उजाड झालेल्या शेतात चाचणी घेतली, तेव्हा साधी झाडं वर्षभरात रोगाने बसली आणि शेजारच्या ओळीत नवी झाडं फळांनी लदलेली उभी. तीन सरकारी यंत्रणांच्या मंजुऱ्या घेऊन १ मे १९९८ पासून बियाणं वाटलं गेलं. सुरुवातीला फुकट. वाण दोन होते: आतून लाल ‘सनअप’, आणि सनअप व स्थानिक ‘कापोहो’ यांचा संकर, आतून पिवळा ‘रेनबो’. लोकांना पिवळीची सवय होती, म्हणून रेनबो जास्त चालली. आज अमेरिकेत, कॅनडात आणि २०११ च्या डिसेंबरपासून जपानमध्येही ती विकता येते.

खाणाऱ्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते: जे प्रथिन त्या पपईत घातलं, ते कडी पडलेल्या कोणत्याही साध्या पपईत आधीच असतं, आणि कितीतरी जास्त प्रमाणात. तुम्ही-आम्ही ते वर्षानुवर्षं खाल्लं आहे. हा व्हायरस झाडांचा आहे, माणसाला काही करत नाही. कडी पडलेली पपई कमी गोड लागते, पण घातक नसते. अमेरिकी तपासणीत रेनबोची जीवनसत्त्वं, पपईतली नैसर्गिक रसायनं, ॲलर्जीची शक्यता हे सगळं साध्या पपईशी ताडून पाहिलं गेलं. म्हणजे ‘जीएम आहे का’ यापुढे जाऊन ‘काय बदललं, आणि ते मी आधी कधी खाल्लं आहे का’ असं विचारलं, तर पोटाच्या काळजीला खरं उत्तर मिळतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जपान हे हवाईचं मोठं गिऱ्हाईक होतं आणि २०११ पर्यंत जपानला जीएम पपई नको होती. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांना कापोहो पिकवत राहणं भाग होतं, आणि माल मिसळू नये म्हणून वेगळी तोडणी, वेगळी तपासणी करावी लागली. सेंद्रिय पपई करणाऱ्यांना शेजारच्या परागकणांची धास्ती होती, आणि तिला मी निराधार म्हणणार नाही; ज्याचा माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा आहे, त्याच्या बियांत दुसरं जनुक आलं तर नुकसान त्याचंच. मात्र एक अनपेक्षित गोष्टही झाली: रेनबोच्या बागांमुळे परिसरातला व्हायरसच कमी झाला, आणि जपानसाठीची साधी कापोहो पुन्हा नीट पिकवता आली.

आप्पांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग ते बी आण की.’ पण ते बी शहाद्यात चालणार नाही. ही प्रतिकारशक्ती हवाईतल्या व्हायरसच्या जातीशी जुळलेली आहे. दुसऱ्या देशांतल्या जातींपुढे रेनबो टिकत नाही. आपल्यासाठी आपल्या शिवारातल्या व्हायरसचंच जनुक घेऊन, आपल्याच शास्त्रज्ञांनी, आपल्या मातीत काम करावं लागेल. चीनने तसं केलं. त्यांच्या ‘हुआनोंग १’ पपईला २००६ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडेही सरकारी पैशातून, उघड चाचण्या घेऊन, आकडे लोकांपुढे ठेवून हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. २०१९ मध्ये अकोटला शेतकऱ्यांनी बंदी मोडून मंजुरी नसलेला जीएम कापूस, तणनाशक फवारलं तरी न मरणारा, उघडपणे पेरला. बियाणं चोरवाटेने येतंच आहे, आणि चोरवाटेने आलेल्या बियाण्याची तपासणी कुणीच करत नाही.

सगळी जीएम फळं मला सारखी वाटत नाहीत. डेल माँटे कंपनीचा गुलाबी अननस कोस्टा रिकात होतो आणि २०२० पासून अमेरिकेत विकला जातो. त्यात टोमॅटो-कलिंगडात असतं तेच लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साठतं, म्हणून गर गुलाबी. खायला सुरक्षित, पण शेंडा कापून विकतात, म्हणजे घरी लावून वाढवता येत नाही. ‘आर्क्टिक’ सफरचंद कापलं तरी काळं पडत नाही, कारण काळं पाडणारं एन्झाइम बनवण्याचं कामच त्यात बंद केलं आहे. डब्यात फोडी देणाऱ्या आईला ते सोयीचं वाटेल. मला या दोन्हींची फारशी गरज वाटत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेली क्यूसीएव्ही-४ केळी मला महत्त्वाची वाटते. तिच्यात रानकेळीचं एक जनुक घातलं आहे, केळीची झाडं सुकवणाऱ्या पनामा या बुरशीच्या रोगाच्या टीआर-४ या जातीविरुद्ध. तो रोग बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचलेला आहे. जळगावकरांनी या केळीवर लक्ष ठेवावं.

माझी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिनेही विचारलं होतं, कारण तिच्या दुकानात हे फळ खरंच समोर येऊ शकतं. तिला मी सांगितलं: तुमच्याकडची मोठी, लांबट पपई बहुतेक मेक्सिकोची मारादोल, ती जीएम नाही. तळहाताएवढी, नाशपतीच्या आकाराची, ‘हवाई’ लिहिलेली असेल तर ती रेनबो असण्याची शक्यता बरीच. १ जानेवारी २०२२ पासून तिथे ‘बायोइंजिनिअर्ड’ असं लिहिणं किंवा तसं चिन्ह लावणं सक्तीचं आहे; गोल हिरवं चिन्ह, त्यात शेत आणि सूर्य. ‘जीएम’ ही अक्षरं शोधत बसलीस तर सापडणार नाहीत. हॉटेलांना हा नियम लागू नाही. नकोच असेल तर सेंद्रिय प्रमाणित घे, त्यात जीएमला परवानगी नसते, तिथेही आणि इथेही.

आणि फळांवरच्या स्टिकरचा आकडा. ‘८ ने सुरू होणारा पाच आकडी म्हणजे जीएम’ हा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. ८ हा आकडा त्यासाठी राखून ठेवला होता हे खरं, पण दुकानात तो तसा कधी वापरलाच गेला नाही, आणि पुढे ती योजनाच सोडून दिली. ९ ने सुरू होणारा म्हणजे सेंद्रिय, एवढं बरोबर. स्टिकर लावणं मुळात ऐच्छिक आहे. स्थानिक फळांवरचे चमकदार स्टिकर तर नुसते शोभेचे, त्यातून काहीही कळत नाही.

आपल्या कायद्यात एक मोठी फट आहे. जीएम असलेल्या पाकिटबंद खाद्यावर ‘जीएम’ लिहायचा नियम २०१३ पासून आहे, पण आपण फळं पाकिटातून घेत नाही. क्रेटमधून, हातगाडीवरून, डझनाने घेतो. उद्या जीएम पपई किंवा केळीला मंजुरी मिळाली, तर गुलटेकडीच्या घाऊक बाजारातल्या गाळ्यावरून माझ्या दुकानात येईपर्यंत ते कुठे लिहिलेलं असेल? शिवाय जनुक-संपादन केलेली, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेली, पिकं येऊ लागली आहेत. मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण देशात जाहीर झाले. त्यांत बाहेरचं जनुक नसतं, म्हणून त्यांना जीएमचे कडक नियम लागू होत नाहीत. शास्त्र म्हणून मला ते पटतं. तरीही विकत घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे. लपवलेल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि मग लाल पपईचे फोटो फिरतात. माझ्या दुकानात मी आता प्रत्येक क्रेटवर वाण आणि गाव लिहिते: पपई तैवान ७८६, शहादा; केळी जी-९, रावेर; द्राक्षं सोनाका, नान्नज. आडत्यांना विचारावं लागतं, काही जण कंटाळतात, पण सांगतात.

परवा एका काकूंनी विचारलं, मंजुरी मिळाली तर तू जीएम पपई विकशील का? विकेन. पाटीवर लिहून, शेजारी साधी पपई ठेवून, दोन्हींचा भाव समोर लावून. आप्पांचा प्रश्न वेगळा होता: बी दरवर्षी विकत घ्यावं लागणार का? हवाईचं उत्तर असं की रेनबो संकरित असल्याने तिचं धरलेलं बी पुढे सारखं येत नाही, सनअप मात्र सरळ वाण आहे, त्याचं बी तसंच येतं. आपल्याकडे हे काम कधी झालं, तर ते सरळ वाणातच व्हावं.